आयुष्यभराचा सहायक मुख्य प्रशिक्षक होतो तेव्हा : अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला लिंकन, ॲन आर्बर, क्लेमसन किंवा अथेन्सला गेलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच सप्टेंबरात कळून चुकतं की, शनिवारी या गावांत दुसरं काही घडत नाही. सगळे रस्ते स्टेडियमकडे जातात. मग नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो आणि बातम्या सुरू होतात : अमक्या विद्यापीठाने प्रशिक्षकाला काढलं, तमक्या विद्यापीठाचा वीस वर्षं सहायक राहिलेला माणूस आता मुख्य प्रशिक्षक. त्या माणसाचं नाव आपण कधी ऐकलेलंही नसतं. अशा नेमणुकांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत लिंकनचं नेब्रास्का विद्यापीठ वारंवार येईल, कारण एकाच गावात, एकाच खुर्चीवर, दोन जुने सहायक एकामागून एक बसले आणि दोघांच्या वाट्याला अगदी वेगळी दैवं आली.

सहायक प्रशिक्षक म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. किक मारणं, किक परतवणं याची तिसरी तुकडी. संघात शंभरच्या आसपास मुलं असतात. एवढ्यांना एक माणूस शिकवू शकत नाही, म्हणून कामाची उतरंड असते. मुख्य प्रशिक्षकाच्या खाली आक्रमणाचा कोऑर्डिनेटर आणि बचावाचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या त्या बाजूचे प्रमुख. त्यांच्या खाली एकेका जागेचे प्रशिक्षक : क्वार्टरबॅकचा (चाल सुरू करणारा, चेंडू फेकणारा), रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन धावणारा), ऑफेन्सिव्ह लाइनचा (पुढे उभं राहून वाट मोकळी करणारी फळी), लाइनबॅकरचा (बचावाच्या मधल्या फळीतला) वगैरे. २०१८ पासून मैदानावर शिकवणाऱ्या सहायकांची मर्यादा दहा होती. २०२४ मध्ये शिकवण्यावरचं ते बंधन उठलं. सगळ्यात खालच्या पायरीवर ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे एकीकडे पदव्युत्तर शिक्षण आणि दुसरीकडे पडेल ते काम.

जवळजवळ प्रत्येक मोठा प्रशिक्षक याच पायरीवरून वर चढलेला असतो.

त्याचा आठवडा कसा जातो?

शनिवारी सामना संपतो. रविवारी सकाळी त्याच सामन्याची फिल्म लागते. अंधाऱ्या खोलीत हातात रिमोट घेऊन ऑफेन्सिव्ह लाइनचा प्रशिक्षक बसलेला असतो, समोर पंधरा-सोळा धिप्पाड मुलं. तो एक चाल लावतो, थांबवतो, मागे नेतो, पुन्हा लावतो. पडद्यावर चेंडू कुठे आहे याकडे तो बघतही नाही. उजव्या गार्डचं, म्हणजे लाइनमधल्या एका खेळाडूचं, पहिलं पाऊल किती पडलं आणि कोणत्या दिशेला पडलं, एवढंच त्याला दाखवायचं असतं. पाऊल वीतभर आडवं पडायला हवं होतं, ते सरळ पडलं, म्हणून समोरचा माणूस आतून निसटला आणि चाल मेली. प्रेक्षकांच्या लेखी मात्र दोष चेंडू घेऊन धावणाऱ्याचा.

सोमवार-मंगळवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास : तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला एकेक म्हणजे डाऊन) ते काय करतात, गोलरेषेजवळ आले की कोणती मांडणी लावतात. मधल्या दिवसांत सराव. रोज संध्याकाळी शाळकरी खेळाडूंना फोन आणि मेसेज. हंगाम संपला की शाळाशाळांतून हिंडायचं, एखाद्या मुलाच्या घरी दिवाणखान्यात बसून त्याच्या आईला पटवायचं की, तुमचा मुलगा आमच्याकडे सुखरूप राहील. बरेच सहायक या दिवाणखान्यांमुळेच मोठे होतात. चाली आखणारे पुष्कळ मिळतात. आईचा विश्वास कमावणारा माणूस विद्यापीठं सोडत नाहीत.

मुख्य प्रशिक्षक झाल्यावर काय बदलतं?

जे काम वीस वर्षं हातात होतं ते सुटतं आणि जे कधी केलं नव्हतं ते गळ्यात पडतं. बचावाचा कोऑर्डिनेटर असताना त्याचं जग पंचेचाळीस-पन्नास मुलांचं असतं. आता सहायक नेमायचे, त्यांच्या पगारासाठी भांडायचं, देणगीदारांसोबत जेवायचं, पत्रकारांना तोंड द्यायचं, रात्री दोन वाजता पोलिसांचा फोन आला तर उठून जायचं. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीमुळे, आज असलेला खेळाडू जानेवारीत दुसऱ्याच गणवेशात दिसू शकतो. यातलं काहीही फिल्मच्या खोलीत शिकवलं जात नाही.

सामन्यातही काम पालटतं. चौथ्या डाऊनला किक मारायची की खेळायचं, टाइमआउट कधी घ्यायचा, टचडाऊननंतर (चेंडू गोलरेषेपार नेल्यावर) जादा एका गुणावर समाधान मानायचं की दोनासाठी जायचं, हे निर्णय त्याचे. सहायक सल्ला देतो. सल्ला चुकला तरी वर्तमानपत्रात नाव मुख्य प्रशिक्षकाचंच येतं.

चाली सांगण्याचं काम त्याने स्वतःकडे ठेवावं का?

यावर ठाम नियम सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून आक्रमणाच्या चाली स्वतःच सांगितल्या आणि ते महान ठरले. ब्रेंट व्हेनेबल्स यांचं उदाहरण ताजं आहे. कॅन्सस स्टेट, ओक्लाहोमा आणि क्लेमसन मिळून त्यांनी जवळजवळ तीन दशकं सहायकाचं काम केलं. २०१६ साली देशातल्या सर्वोत्तम सहायकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये ते ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिलं वर्ष ६ विजय, ७ पराभव. दुसरं १०-३. तिसरं पुन्हा ६-७. लोक गेट दाखवायच्या गोष्टी बोलू लागले. त्या हंगामानंतर बचावाचा कोऑर्डिनेटर दुसरीकडे गेला, तेव्हा व्हेनेबल्स यांनी २०२५ मध्ये बचावाच्या चाली पुन्हा आपल्या हातात घेतल्या आणि संघ राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोचला.

म्हणजे काम वाटून द्यायला शिकणं जितकं अवघड, तितकंच कोणतं काम वाटून देऊ नये हे ओळखणंही अवघड. ही ओळख खुर्चीत बसल्याशिवाय पटत नाही आणि तिला वर्षं लागतात. या सगळ्या विषयात मला जर काही एक सांगायचं असेल तर ते हेच : जुना सहायक खुर्चीवर बसतो तेव्हा तो तयार नसतो, तो तिथे तयार होतो. त्याला तेवढा वेळ मिळतो का, यावर पुढचं सगळं ठरतं.

ऑस्बर्न यांना तो वेळ मिळाला का?

मिळाला, आणि तो कसा मिळाला हे पाहण्यासारखं आहे.

ऑस्बर्न नेब्रास्कातल्याच हेस्टिंग्ज गावचे. व्यावसायिक फुटबॉल थोडं खेळून ते १९६२ साली लिंकनला परतले, तेव्हा बॉब डिव्हेनी तिथे नुकतेच मुख्य प्रशिक्षक म्हणून आले होते. ऑस्बर्न पगाराविना त्यांच्या हाताखाली लागले. एकीकडे शिक्षण-मानसशास्त्रात पीएचडी चालू होती, ती १९६५ मध्ये पूर्ण झाली. प्राध्यापक व्हायचा मार्ग मोकळा होता. त्यांनी मैदान निवडलं. १९६८ चा हंगाम फसल्यावर डिव्हेनी यांनी आक्रमणाची नवी मांडणी करण्याचं काम या तरुण सहायकावर सोपवलं. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं आली. १९७२ नंतर डिव्हेनी प्रशिक्षकपदावरून उतरले आणि आपला वारस म्हणून त्यांनी ऑस्बर्न यांचं नाव आधीच सांगून ठेवलं होतं. १९७३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा ऑस्बर्न ३६ वर्षांचे होते.

पहिली पाच वर्षं ते दरवर्षी ओक्लाहोमाकडून हरले. बाकी बहुतेक सामने जिंकत होते, तरी ओक्लाहोमा हा काटा होता. डिव्हेनी तर अजून त्याच इमारतीत, क्रीडा संचालक म्हणून. दोन अजिंक्यपदं मिळवून देणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असताना त्याच्या जागेवर हरत राहणं म्हणजे काय, याची कल्पना करा. १९७८ मध्ये अखेर ओक्लाहोमाला हरवलं, आणि त्याच डिसेंबरात ऑस्बर्न कोलोरॅडो विद्यापीठाची नोकरी घ्यायच्या बेतात होते. तिथे जाऊनही आले. शेवटी राहिले.

डिव्हेनी यांनी त्यांना हात लावला नाही. ही गोष्ट मला त्यांच्या दोन अजिंक्यपदांइतकीच मोठी वाटते. पंचवीस हंगामांत ऑस्बर्न यांच्या संघाने एकदाही नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, पण पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद यायला बाविसावा हंगाम उजाडावा लागला. मग १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन आली. एकूण २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी.

त्यांच्या कारकिर्दीतला एकच क्षण बघायचा असेल तर कोणता बघावा?

२ जानेवारी १९८४ ची रात्र, मायामीतला ऑरेंज बाऊल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना. नेब्रास्का एकही सामना न हरता आलेला, पहिल्या क्रमांकावर. समोर मायामी विद्यापीठ, आपल्याच मैदानावर. मायामीने १७-० अशी आघाडी घेतली, नेब्रास्काने बरोबरी साधली, मायामी पुन्हा ३१-१७ ने पुढे गेलं. नेब्रास्काचा मुख्य धावपटू माइक रोझियर दुखापतीने बाहेर. शेवटच्या मिनिटात चौथा डाऊन, आठ यार्ड हवे होते. रोझियरच्या जागी आलेला जेफ स्मिथ चोवीस यार्ड धावत थेट गोलरेषेपार गेला. ३१-३०. घड्याळात ४८ सेकंद.

तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मतदानाने ठरायचं. एका गुणाची किक मारली की ३१-३१ बरोबरी, आणि अपराजित राहिलेल्या नेब्रास्कालाच अजिंक्यपद मिळालं असतं असं जवळजवळ सगळेच मानतात. ऑस्बर्न यांनी किकचा विचारही केला नाही. दोन गुणांसाठी चाल लावली. क्वार्टरबॅक टर्नर गिलने उजवीकडे सरकत स्मिथकडे चेंडू फेकला. मायामीच्या बचावपटूची बोटं चेंडूला लागली आणि तो खाली पडला. अजिंक्यपद मायामीचं.

अकरा वर्षं सहायक आणि तोवर अकरा हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस, पहिलं अजिंक्यपद हाताशी, आणि त्याने जिंकण्यासाठी खेळायचं ठरवलं. बरोबरी करून पदक घेणं आपल्या मुलांना शोभणार नाही, असं त्याला वाटलं. लिंकनच्या लोकांनी हा निर्णय त्याच्याविरुद्ध कधी वापरला नाही. दुसऱ्या दहा विद्यापीठांत वापरला गेला असता.

मग सोलिच यांचं काय झालं?

फ्रँक सोलिच यांच्याबद्दल लिहिताना मला अजून राग येतो, हे आधीच सांगतो.

सोलिच डिव्हेनी यांच्या संघात फुलबॅक, म्हणजे एक प्रकारचे रनिंग बॅक, होते. चण लहान, पण १९६५ मध्ये एअर फोर्स अकादमीच्या संघाविरुद्ध एका सामन्यात २०० यार्डांहून जास्त धावणारे नेब्रास्काचे ते पहिलेच. नंतर लिंकनच्याच एका शाळेत प्रशिक्षक, तिथे दोन राज्य अजिंक्यपदं. १९७९ मध्ये ऑस्बर्न यांनी त्यांना बोलावून घेतलं. १९८३ पासून रनिंग बॅक त्यांच्याकडे. १ जानेवारी १९९५ ला मायामीविरुद्धच त्याच ऑरेंज बाऊलमध्ये ऑस्बर्न यांना पहिलं अजिंक्यपद मिळालं, तेव्हा शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन टचडाऊन करणारा फुलबॅक कोरी श्लेसिंजर हा सोलिच यांच्याच हाताखालचा. १९ हंगाम असे गेले. डिसेंबर १९९७ मध्ये ऑस्बर्न यांनी निवृत्ती जाहीर केली आणि सूत्रं सोलिच यांच्याकडे आली.

सहा हंगामांचा हिशेब असा : ९-४, १२-१, १०-२, ११-२, ७-७, ९-३. दुसऱ्याच वर्षी विभागीय अजिंक्यपद. २००१ मध्ये क्वार्टरबॅक एरिक क्राऊचला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी आणि संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात, जिथे मायामीने ३७-१४ असा धुव्वा उडवला. २००२ चं ७-७ लोकांना सहन झालं नाही. सोलिच यांनी धडा घेतला : वर्षानुवर्षांचे सहकारी बदलले, बचावाला बो पेलिनी आणले, आक्रमणाला बार्नी कॉटन यांना कोऑर्डिनेटर नेमून चाली सांगण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. आपल्याच गुरुबंधूंना घरी पाठवणं सोपं नसतं. २००३ ला संघ सावरला, नऊ सामने जिंकले. आणि शेवटच्या साखळी सामन्यातला विजय ताजा असतानाच क्रीडा संचालकांनी त्यांना काढून टाकलं. कारण असं दिलं गेलं की, नेब्रास्काला सामान्य दर्जाकडे घसरू द्यायचं नाही.

५८ विजय, १९ पराभव. हा तो सामान्य दर्जा.

त्यांच्या जागी व्यावसायिक लीगमधून बिल कॅलाहन आले. पहिल्याच वर्षी ५-६, आणि १९६९ पासून दरवर्षी हंगामाअखेरचा बाऊल सामना खेळण्याची नेब्रास्काची परंपरा तुटली. चार वर्षांत २७-२२. २००७ मध्ये विद्यापीठाला खुद्द ऑस्बर्न यांना क्रीडा संचालक म्हणून परत बोलवावं लागलं. त्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून कोणाला आणलं? सोलिच यांनी २००३ मध्ये नेमलेल्या बो पेलिनी यांना. सोलिच यांनी २००२ नंतर ज्यांना काढलं त्या क्रेग बोल यांनी नॉर्थ डकोटा स्टेटला खालच्या विभागाची सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली.

सोलिच स्वतः ओहायो विद्यापीठात गेले. ओहायो स्टेट वेगळं, हे ओहायो राज्यातल्या अथेन्स नावाच्या छोट्या गावातलं. तिथे ११५ विजय, आणि २०११ मध्ये त्या विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बाऊल विजय. २०२१ मध्ये निवृत्त झाले. लिंकनने त्यांना जाहीर सन्मानाने परत बोलवायला २०२३ साल उजाडलं.

मला वाटतं, २००३ चे सोलिच हे १९७७ च्या ऑस्बर्न यांच्या जागी होते : पडलेले, चूक दुरुस्त करू लागलेले. फरक इतकाच की शेजारच्या खोलीत डिव्हेनी नव्हते.

हे फक्त नेब्रास्कापुरतं आहे का?

नाही. १९९७ चं राष्ट्रीय अजिंक्यपद नेब्रास्का आणि मिशिगन यांच्यात विभागलं गेलं होतं. मिशिगनचे लॉइड कार हेही जुने सहायकच. १९८० पासून ते ॲन आर्बरला होते. मे १९९५ मध्ये वरिष्ठांनी अचानक राजीनामा दिला आणि कार हंगामी, म्हणजे तात्पुरते, प्रशिक्षक झाले. नोव्हेंबरात पद कायम झालं. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी चार पराभव, तिसऱ्या वर्षी १२-०. तेरा हंगामांत १२२-४०.

कर्बी स्मार्ट यांनी अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, चार अजिंक्यपदं पाहिली, मग २०१६ मध्ये आपल्या जुन्या जॉर्जियात मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला हंगाम ८-५. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात अलाबामाकडूनच जादा वेळेत हार. अजिंक्यपद २०२१ आणि २०२२ मध्ये.

सगळ्यात बोलकं उदाहरण एड ऑर्जेरॉन यांचं. डिफेन्सिव्ह लाइनचे नावाजलेले प्रशिक्षक. ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा अख्खा संघ डिफेन्सिव्ह लाइन असल्यासारखा हाकला, हे त्यांनीच नंतर कबूल केलं आहे. तीन वर्षांत १०-२५, मग हकालपट्टी. पुन्हा सहायक. २०१३ मध्ये यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) हंगामी, ६-२, तरी पद दिलं नाही. २०१६ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) हंगामी, आणि मग कायम. २०१९ मध्ये जो ब्रेडी नावाचा तरुण सहायक आणून त्यांनी आक्रमणाची पद्धतच बदलू दिली, आणि संघ १५-० ने अजिंक्य झाला. दुसरी संधी मिळाली नसती तर ते ओल मिसचं अपयश म्हणूनच लक्षात राहिले असते. हे यशही टिकलं नाही; २०२१ च्या अखेरीस तेही गेले.

कोऑर्डिनेटर न होता थेट मुख्य प्रशिक्षक होता येतं का?

होता येतं. क्लेमसनचे डाबो स्विनी वाइड रिसीव्हरचे, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचे, प्रशिक्षक होते. ऑक्टोबर २००८ मध्ये हंगाम चालू असताना पद रिकामं झालं आणि ते हंगामी झाले. २०१६ आणि २०१८ ची अजिंक्यपदं त्यांची. ते आधी कधी कोऑर्डिनेटर नव्हते, त्यामुळे चाली सोडून देण्याचा प्रश्नच आला नाही. चांगले कोऑर्डिनेटर नेमणं हेच त्यांचं काम राहिलं. व्हेनेबल्स दहा वर्षं त्यांच्याकडेच होते.

वारसदार आधीच जाहीर करणं चांगलं की वाईट?

दोन्ही झालं आहे. फ्लोरिडा स्टेटने २००७ मध्ये जिंबो फिशर यांना बॉबी बाउडेन यांचे वारस म्हणून जाहीर केलं. ते २०१० मध्ये खुर्चीवर बसले आणि २०१३ मध्ये अजिंक्यपद जिंकलं. टेक्सासने २००८ मध्ये विल मसचॅम्प यांना असंच वचन दिलं, पण खुर्ची काही रिकामी होईना. २०१० च्या डिसेंबरात ते फ्लोरिडाला निघून गेले. जाणाऱ्याची तारीख ठरलेली नसेल तर असं वचन दोघांनाही अवघडवतं. डिव्हेनी यांनी शब्द दिला आणि ठरल्याप्रमाणे उतरले, म्हणून ते जमलं.

जे कधीच मुख्य प्रशिक्षक होत नाहीत, ते अपयशी का?

अजिबात नाहीत. बड फॉस्टर १९८७ पासून २०१९ पर्यंत व्हर्जिनिया टेकमध्येच राहिले, त्यातली बहुतेक वर्षं बचावाचे प्रमुख म्हणून. २००६ चा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला. मुख्य प्रशिक्षक ते झाले नाहीत आणि त्यांच्या बचावाचा दरारा कमी झाला नाही. पुरस्कार ज्या फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावाने १९९६ पासून दिला जातो, त्यांच्या आर्कान्सातल्या सहायकांतून बॅरी स्वित्झर, जिमी जॉन्सन, जो गिब्ज यांच्यासारखे प्रशिक्षक निघाले. सहायक घडवणं हीही मुख्य प्रशिक्षकाची कमाई असते.

सगळ्या सहायकांना सारखी संधी मिळते का?

नाही, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वरच्या श्रेणीतल्या कॉलेज खेळाडूंत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं, मुख्य प्रशिक्षकांत त्याच्या जवळपासही नाही. सिल्व्हेस्टर क्रूम अलाबामासाठी खेळले, तिथेच अनेक वर्षं सहायक होते, पुढे व्यावसायिक लीगमध्येही. २००३ मध्ये अलाबामाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांना डावलून माइक शूला यांना घेतलं. त्यानंतर मिसिसिपी स्टेटने त्यांना नेमलं आणि २००४ च्या हंगामात ते दक्षिणेतल्या एसईसी या बलाढ्य परिषदेचे (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे) पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. २००४! राष्ट्रीय अंतिम सामन्यात संघ घेऊन जाणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नॉट्र डेमचे मार्कस फ्रीमन, तेही जानेवारी २०२५ मध्ये. वर मी वेळ मिळण्याबद्दल बोललो. इथे तर दारात उभं राहण्यापासून अडचण आहे.

पैसा किती असतो?

वरच्या विद्यापीठांत सहायकालाही भरपूर. क्लेमसन सोडताना व्हेनेबल्स यांचा करार वर्षाला सुमारे २५ लाख डॉलरचा होता. मुख्य प्रशिक्षकांचे आकडे त्याच्या कित्येक पट, आणि काढून टाकलं तरी करारातले पैसे द्यावे लागतात. वर उल्लेख झालेले जिंबो फिशर टेक्सास ए अँड एममधून नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले तेव्हा विद्यापीठावर ७.५ कोटी डॉलरहून अधिक देणं होतं. छोट्या विद्यापीठांतला सहायक मात्र बेताच्या पगारावर दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलत असतो. मुख्य प्रशिक्षक गेला की नवा माणूस आपली माणसं आणतो आणि जुन्या दहाही घरांत सामान बांधायला सुरुवात होते. मुलांच्या शाळा बदलतात. बातमीत त्यांची नावं येत नाहीत.

नेमणूक झाल्यावर जुना संघ लगेच सोडावा लागतो का?

बरेच जण लगेच जातात, कारण डिसेंबरातच नव्या खेळाडूंच्या सह्या घ्यायच्या असतात. कर्बी स्मार्ट यांनी मात्र दोन्ही कामं केली : जॉर्जियाची नेमणूक झाल्यावरही अलाबामाचा बचाव सांभाळत राहिले आणि ११ जानेवारी २०१६ चा अंतिम सामना जिंकूनच निघाले. मुलांना अर्ध्यावर न सोडणारा माणूस मला आवडतो, पण त्या महिन्यात त्यांना झोप किती मिळाली असेल कोण जाणे.

सामना बघताना नव्या मुख्य प्रशिक्षकाबद्दल काय ताडता येईल?

बरंच काही. आधी हे बघा की चालींचा मोठा प्लास्टिकचा तक्ता कोणाच्या हातात आहे. त्याच्याच हातात असेल तर त्याने जुनं काम सोडलेलं नाही. बचावातून आलेला प्रशिक्षक आपलं आक्रमण चालू असताना कुठे उभा असतो? मैदानाकडे पाठ करून बचावाच्या मुलांना फळ्यावर काही समजावत बसला असेल, तर तो अजून अर्धा कोऑर्डिनेटरच आहे. पहिल्या अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट कसे वापरतो ते पाहा. नवखे इथे हमखास अडखळतात. चूक करून आलेल्या खेळाडूकडे तो स्वतः जातो की त्याच्या जागेच्या प्रशिक्षकाला जाऊ देतो, तेही पाहा. आणि पहिल्या वर्षी हे सगळं बिघडलेलं दिसलं तर तिसऱ्या वर्षी पुन्हा बघा.